वकिलांचं सागवानी टेबल जेवणाच्या खोलीत आणताना

पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरून एका ताईंनी विचारलंय : "आमच्या टू बीएचकेमध्ये जेवणाची जागा दहा बाय अकरा फूट आहे. काचेचं टेबल आता खराब झालंय. वाईच्या घरी आजेसासऱ्यांचं वकिलीचं सागवानी टेबल, वेताच्या दोन खुर्च्या, सासूबाईंनी जपलेली पितळेची भांडी आणि दोन गोधड्या आहेत. हे सगळं वापरून खोली नव्याने करायची आहे. सासूबाई म्हणतात, अडगळीची खोली होईल. नवरा म्हणतो, थीम हॉटेल वाटेल. मुलगी सात वर्षांची आहे. बजेट साठ हजार. सुरुवात कुठून करू?"

ताई, गेली चोवीस वर्षं मी घरं सजवण्याचं काम करतेय, आणि या दोन्ही तक्रारी मी पुष्कळ घरांत ऐकल्या आहेत. दोघांचंही बरोबर आहे. वस्तू एकावर एक रचून ठेवल्या की अडगळ दिसते, आणि त्याच भिंतीवर टांगल्या की हॉटेल दिसतं. दोन्ही ठिकाणी त्या वस्तूंचं काम काढून घेतलेलं असतं. म्हणून प्रत्येक वस्तू वाईहून आणण्याआधी एकच विचारा : ही रोज कोणाच्या हातात येणार आहे? उत्तर मिळालं तर आणा. नसेल तर सध्या वाईलाच सुखात राहू द्या.

सुरुवात टेबलापासून करा. बाकी सगळं त्याच्या मागून येईल.

टेबल उचलण्याआधी टेप घेऊन वाईला जा. वकिलीची टेबलं बहुधा सहा फूट बाय तीन फुटांची असतात. तुमच्या खोलीत ते अकरा फुटांच्या बाजूला लांबीने ठेवलं, तर लांब बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट उरतात. खुर्ची मागे ओढून माणूस उठतो आणि त्याच्या पाठीमागून दुसरा जातो, त्याला साधारण तीन फूट लागतात, म्हणजे ते जमेल. डोक्याच्या बाजूंना मात्र अडीच-अडीच फूटच राहतात. तिथे बसता येईल, पण मागून ताट घेऊन जाता येणार नाही. स्वयंपाकघराचं दार ज्या टोकाला असेल तिथे खुर्ची ठेवूच नका. दर माणसाला ताटासाठी आणि कोपरांसाठी दोन फूट धरा, म्हणजे प्रत्येक लांब बाजूला तिघं आरामात बसतात.

खरी अडचण ड्रॉवरची येईल. लिहिण्याच्या टेबलाला फळीखाली ड्रॉवर असतात, आणि जेवायला बसलं की ते मांड्यांना लागतात. एक हिशेब करून बघा. टेबलाची उंची तीस इंच, वरची फळी सव्वा इंच, ड्रॉवरचा खोका पाच इंच, म्हणजे खाली पावणेचोवीस इंच मोकळे. खुर्चीची बैठक अठरा इंचांवर असते. मांड्यांसाठी पावणेसहा इंच उरले, आणि हवे असतात निदान सात. बहुतेक सुतार लगेच म्हणतील, "पाय वाढवून देतो." ते ऐकू नका, कारण टेबल उंच झालं की ताट छातीशी येतं आणि लहान मुलीला तर हनुवटीशी. त्यापेक्षा ड्रॉवर काढून घ्या आणि त्यांच्या जागी जुन्याच सागाची साडेतीन इंचांची पट्टी बसवा. मग मांड्यांना सव्वासात इंच मिळतात. मूळ ड्रॉवर आणि त्यांच्या पितळी कड्या मात्र कापू नका, विकू नका. चादरीत गुंडाळून, आतल्या बाजूला खडूने डावा-उजवा लिहून माळ्यावर ठेवा. पुढे तुमच्या मुलीला ते लिहायचं टेबल हवं झालं, तर अर्ध्या दिवसात परत लागेल. जुन्या वस्तूत बदल करायचाच तर असा करावा, की तो उलटवता आला पाहिजे.

लाकूड तपासताना बोटाच्या पेरांनी पायांवर ठोकत जा. भरीव आवाज येईल तिथे काळजी नाही. पोकळ आला तर वाळवीने आतून खाल्लंय. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण फिकट रंगाच्या बाहेरच्या लाकडाला लागते. पायाखाली पिठासारखी पूड पडलेली दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली, तर टेबल घरात आणण्याआधीच त्याचा बंदोबस्त करा. नाहीतर तुमच्या फ्लॅटमधल्या प्लायच्या कपाटांना तोच पाहुणा भेटेल.

आता पॉलिश. तुमचं टेबल जुनं आहे, म्हणून त्याच्यावर लाखेचं फ्रेंच पॉलिश असण्याची शक्यता आहे. ओळखायची सोपी रीत अशी : टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून घासा. चिकट होऊन रंग बोळ्यावर आला तर लाख. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू ही हल्लीची पॉलिशं, म्हणजे मध्ये कधीतरी कोणीतरी नवीन पॉलिश केलंय. लाखेचं पॉलिश डोळ्यांना फार सुंदर, खोल तपकिरी झाक देणारं, पण गरम भांड्याला आणि पाण्याला ते टिकत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका घरात जेवणाच्या टेबलाला हौसेने फ्रेंच पॉलिश करून दिलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात त्या फळीवर आमटीच्या पातेल्यांची पांढरी वर्तुळं उठली, आणि मला स्वखर्चाने ती फळी पुन्हा करून द्यावी लागली. तेव्हापासून पायांना आणि बाजूच्या पट्ट्यांना लाख, आणि वरच्या फळीला तेल, असं करते. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) किंवा पक्कं अळशीचं तेल (बॉइल्ड लिनसीड) पातळ हाताने तीन-चार वेळा, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. पूर्ण वाळायला दोन-तीन आठवडे द्या. चरा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल लावता येतं, अख्खी फळी खरवडावी लागत नाही. घरात लहान मूल असताना याचं मोल फार.

इथे एक इशारा, आणि तो कामगारालाही सांगा. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगळलेल्या ढिगात ती इतकी साठते की फडकी आपोआप पेटतात. एकेक फडकं मोकळ्यावर पसरून वाळवा, किंवा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा.

सासूबाई म्हणतील, "वर काच घालू या, म्हणजे खराब होणार नाही." कृपा करून घालू नका. काचेखाली गेलेलं पाणी वाळत नाही, तिथे लाकूड काळं पडतं, आणि हाताला पुन्हा काचच लागते. तुमची सध्याची काच टफन्ड असेल तर ती कापून मापाला आणताही येत नाही. त्याऐवजी गरम भांड्यांसाठी लाकडी किंवा दोरीच्या चुंबळी ठेवा. डोक्यावरच्या हंड्याखाली बायका जी चुंबळ ठेवायच्या, तीच. सुतळीची चुंबळ मुलीलाही एका संध्याकाळी वळता येईल, आणि घरातली पहिली हातची वस्तू तिच्याच हातची होईल.

खुर्च्यांकडे येऊ. वेताच्या दोन आहेत, त्या पुरेत. सहाही एकसारख्या हव्यात हा हट्ट सोडा. दोन वेताच्या, दोन जुन्या बाजारातून साध्या सागवानी, आणि भिंतीच्या बाजूला एक लांब बाक. बाक टेबलाखाली पूर्ण सरकतो, त्यामुळे लहान खोलीत जेवण झालं की चालायला जागा होते. पाहुण्यांची पोरं आली तर त्याच बाकावर चौघं दाटीवाटीने बसतील. वेताची जाळी दोन प्रकारची असते. बैठकीच्या चौकटीवर कडेने भोकं असतील तर ती हाताने विणलेली. भोकं नसून एक खाच आणि त्यात दाबलेली वेताची पट्टी असेल तर ती तयार जाळी. हातविणीची फाटली असेल तर हातानेच विणून घ्या. अंध व्यक्तींच्या संस्थांमध्ये खुर्च्या विणायचं काम वर्षानुवर्षं शिकवलं जातं. तिथे चौकशी करा. फाटली नसून नुसती लोंबत असेल, तर खुर्ची उलटी करून जाळीला खालून गरम पाण्याच्या फडक्याने नीट भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वेत आकसतो आणि बैठक पुन्हा ताठ होते.

त्या खुर्च्यांना कधीकाळी हिरवा किंवा निळा ऑइलपेंट दिलेला असेल, तर कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. रंग काढायचं रसायन लावून ओल्यानेच खरवडा, तेही घराबाहेर, मुलगी शाळेत असताना. नाहीतर रंग शाबूत असेल तर राहू द्या. जुना हिरवा ऑइलपेंट सागाशेजारी छान दिसतो.

पितळेच्या भांड्यांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. फुलदाणी म्हणून घागर, दिवा म्हणून भोक पाडलेला तांब्या, भिंतीवर खिळ्याने ठोकलेलं परातीचं तबक. समईला भोक पाडून विजेचा दिवा केलेलं पाहिलं की मला अक्षरशः वाईट वाटतं. आधी सासूबाईंना सोबत घेऊन सगळी भांडी जमिनीवर मांडा आणि त्यांना एकेकाचं काम सांगू द्या. वरणाचं कोणतं, पंक्तीला वाढायचं कोणतं, ताक कशात घुसळायचे. मग त्यातली पाच-सहा निवडा. पाण्याचा तांब्या आणि फुलपात्री, मीठ-चटणी-लोणचं वाढायचा वाट्यांचा चौफुला, एक मोठी परात फळांसाठी, भाताचं एक पातेलं. ही टेबलावर किंवा बाजूच्या फळीवर राहतील आणि रोज वापरात येतील.

वापरात येणार म्हणजे कल्हई आलीच. दही, चिंच, टोमॅटो, कोकम असलं आंबट उघड्या पितळेला लागलं की कळकतं, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. कल्हईवाला सोसायटीच्या आवारात बोलवा आणि मुलीला समोर उभी करा. असं काम तिला परत बघायला मिळेल की नाही सांगता येत नाही. जमिनीत लहानशी भट्टी, बाजूला भाता. भांडं आधी घासून निखाऱ्यांवर तापवतात. मग चिमटीने नवसागर टाकतात, तेव्हा नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठतो आणि आतला मळ सुटतो. त्या तापलेल्या भांड्याला कथलाची कांडी नुसती टेकवली की ती पाण्यासारखी वितळते. कापसाच्या बोळ्याने ती एका वळणात फिरवली, की पिवळ्या पितळेवरून चांदीची लाट पसरत जाते. लगेच पाण्यात बुडवतात, चर्र असा आवाज होतो, आणि भांडं तयार. लहान भांड्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. दोन गोष्टींचा आग्रह धरा : कथील शुद्ध हवं, त्यात शिशाची भेसळ नको, आणि त्यासाठी चार पैसे जास्त द्या. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर कधीच ठेवू नका, आणि त्यात फोडणीही करू नका. आत तारेची घासणी नको. आतून पिवळं दिसायला लागलं, की पुन्हा कल्हई.

बाहेरून मात्र आठवड्याला लखलखीत करायची सक्ती नाही. चिंचेचा कोळ किंवा पितांबरी महिन्याकाठी एकदा पुरे. मधल्या दिवसांत येणारा मऊ, मधासारखा रंग मला तरी जास्त आवडतो.

एखादं भांडं कमी पडलं तर नवं घ्यायलाही हरकत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हातोड्यांचे आवाज येतात. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांच्या कामाची खूण म्हणजे मठारकाम : भांड्यावर ओळीने उमटवलेले हातोडीचे गोल ठसे. ते नुसतं नक्षीसाठी नसतं. ठोकल्याने पत्रा कडक होतो. हातात घेऊन उजेडात फिरवा. हातच्या ठशांच्या ओळी सरळ असतात, पण प्रत्येक ठसा शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा असतो. साच्यातून दाबलेल्या भांड्यावर सगळे हुबेहूब एकसारखे. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जाल तर पर्समध्ये एक लोहचुंबक ठेवा. "जुनं पितळ" म्हणून दाखवलेल्या वस्तूला तो चिकटला, तर आत लोखंड आहे.

गोधड्या भिंतीवर लावायचा विचार असेल तर जेवणाच्या खोलीत नको. स्वयंपाकघरातून येणारा तेलकट धूर त्यांच्यात बसतो, आणि शिवलेली गोधडी वरचेवर धुता येत नाही. आधी दोन्ही उजेडात धरून बघा, आणि कापड दोन बोटांनी हलकेच ताणा. जी विरली असेल, तिला विश्रांती द्या. मलमलीत गुंडाळून ठेवा. जी घट्ट असेल ती घडी घालून बाकावर पसरा. कापून गादी शिवू नका. जेवणाच्या बाकासाठी मी तर नवी गोधडी शिवून घ्यायला सांगेन. तुमच्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या, आत एक जुनी चादर, वरून जवळजवळ धावदोरा. गोधड्या शिवून देणाऱ्या बायका तुमच्या वाईकडेच सापडतील. टाके मोजून नव्हे, तर त्यांनी सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. एका गोधडीत कितीतरी दुपारी जातात. हळदीचा डाग पडला तर घाबरू नका. साबणाने तो लाल होईल, पण धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात घातला की पिवळा पुष्कळसा उडतो. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

ताटाखाली खणाच्या कापडाची आसनं हल्ली सगळीकडे दिसतात. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण सुंदरच, पण तो पाणी टिपत नाही. खण काठाला वापरा, मधला भाग जाड सुती ठेवा. हात पुसायला सोलापुरी टॉवेलचे चौकोन किंवा सरळ पंचाचे तुकडे. पंचासारखा नॅपकिन दुसरा नाही, धुवावा तसा तो मऊ होत जातो.

दिव्याआधी पंखा बघा. आपल्या घरांत नेमकं टेबलावरच पंख्याचं हुक असतं, आणि लोक त्याच्याच शेजारी लटकता दिवा लावतात. मग दिवा हलतो, पात्यांच्या सावल्या ताटात फिरतात, आणि दोन दिवसांत डोकं दुखायला लागतं. पंखा ठेवायचा असेल तर दिव्याचा उजेड पात्यांच्या खालून यायला हवा. दिव्याची खालची कड टेबलापासून अठ्ठावीस ते बत्तीस इंचांवर ठेवा. समोरच्याचा चेहरा अडत नाही आणि उजेड ताटावर पडतो. बल्ब २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. पांढऱ्याफट्ट उजेडात पितळ हिरवट दिसतं आणि वरण फिकं. वाड्यांत असायची तशी काचेची जुनी हंडी मिळाली तर तिच्यात एलईडी लावा, पण वायर नवीन हवी आणि धातूचा भाग असेल तर अर्थिंग घेतलेलंच.

भिंतींवर थोडकंच सांगते. तीन भिंती उबदार मलईच्या रंगात, आणि बाकाच्या मागे तीन फुटांपर्यंत कावेच्या लालसर रंगाचा पट्टा. पाठी टेकून डाग पडतात ते त्यात दिसत नाहीत, आणि जुन्या घरांच्या भिंतींची आठवणही राहते. फोटो लावाल तर मूळ फोटो नकोत. चांगला स्कॅन करून प्रत लावा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. पुण्याच्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या फ्रेमला बुरशी धरतेच.

साठ हजारांचं म्हणाल तर निम्मे पैसे टेबल, खुर्च्या आणि वाईहून वाहतुकीला ठेवा. पंधरा हजार दिवा, वायरिंग आणि रंगाला. उरलेल्यात बाक, कल्हई आणि गोधडी. यात सजावटीच्या वस्तूंसाठी वेगळा आकडा मी मुद्दाम ठेवलेला नाही.

तुमच्या नणंदेला परदेशी एक घंगाळ हवं आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पाठवण्याआधी त्याचं वय पक्कं करा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तितकी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो. घंगाळ आजेसासऱ्यांच्याही आधीचं असेल तर नणंदेला ते इथे येऊनच वापरू दे.

टेबल आलं की लगेच सुताराच्या हाती देऊ नका. आठ दिवस तसंच, धुऊन-पुसून, खोलीत ठेवा आणि त्याच्यावर जेवा. कोण कुठे बसतं, उजेड कुठून येतो, मांड्या कुठे अडतात, हे त्या आठ दिवसांत कळेल. मग ड्रॉवरखालचं मोकळं माप आणि पंख्याचं हुक टेबलाच्या मध्यापासून किती इंच सरकून आहे, हे दोन आकडे मला कळवा. दिव्याची जागा त्यावरून सांगते.